दोरीवरच्या पट्ट्या

निर्मला गच्चीवर पट्ट्या वाळत घालत होती आणि डोळे समोरच्या गच्चीवर होते. दिशाची दोरी आजही रिकामी.

पट्ट्या म्हणजे वॅक्सिंगच्या. सुभाषच्या, म्हणजे नवऱ्याच्या, जुन्या जीन्स कापून ती त्या बनवायची. गरम पाण्यात खळबळून काढल्या की परत वापरायला मोकळ्या. आपलं पार्लर किती चालतं ते अख्ख्या बेल्हे गावाला या दोरीवरून कळतं, असा तिचा समज होता. दिशा तिच्याच हाताखाली शिकली आणि रस्त्यापलीकडं दुकान थाटून बसली, तेव्हापासून निर्मला रोज सकाळी तिची दोरी बघायची. रिकामी दिसली की चहा गोड लागायचा.

"एक पट्टी नाय दोरीला. बसलीय माश्या मारत," ती खुशीत म्हणाली.

"आई, ती कागदाच्या पट्ट्या वापरते," जया म्हणाली. जया तिची लेक, नुकताच साखरपुडा झालेली. "एकीला वापरली की टाकून देते. धुवायचंच न्हाई, तर वाळत काय घालंल?"

निर्मलाचा हात दोरीवरच राहिला. म्हणजे एवढे दिवस आपण उगाच खूश होत होतो.

तेवढ्यात खाली, बाजाराला आलेल्या टेम्पोंमधून वाट काढत हस्तीमल शेठची लेक हर्षा दिशाच्या जिन्याकडं जाताना दिसली. हर्षाचं लग्न तोंडावर आलेलं. राजस्थानातून घरभर पाहुण्या येणार, आणि नवरी जिथं जाईल तिथंच त्या सगळ्या जाणार. निर्मलाच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते काही ओव्यानं थांबणारं दुखणं नव्हतं.

पण हर्षा गेली तशी उतरली. तोंड एवढंसं झालेलं. निर्मला ओल्या हातांनीच खाली धावली.

"काय गं हर्षा, काय झालं?"

हर्षानं आजूबाजूला बघून आवाज बारीक केला. "काकू, आतल्या जागेचं वॅक्सिंग करायचं होतं. दिशाताई म्हणाल्या, तिथं फोड आलाय, पू धरलाय, मी हात लावणार नाही. आधी डॉक्टरला दाखव, पूर्ण बरं होऊ दे. लग्न आठ दिवसांवर आलंय, मी काय करू?"

"तिला जमत नसंल गं. मी तिला हातपाय शिकवले व्हते, आतलं कुठं शिकवलं व्हतं?" निर्मलाच्या बोलण्यात कधी नव्हे एवढा गोडवा आला. "चल वर. मी हाय ना."

पडद्यामागच्या पलंगावर सकाळपासून तीच चादर होती. हर्षा आडवी झाली आणि निर्मलाला फोड दिसला. लाल, टरटरून आलेला. बघता क्षणीच तिला कळलं की दिशा बरोबर बोलली. तिनं वॅक्स लावायची सुरी खाली ठेवली. मग पडद्याच्या फटीतून नजर खिडकीबाहेर गेली. दिशा आपल्या दारात उभी राहून इकडंच बघत होती.

बघू दे. चांगली डोळे भरून बघू दे.

निर्मलानं सुरी उचलली. वॅक्सच्या भांड्यातून अंगावर, अंगावरून परत भांड्यात. काल दोरीवर वाळलेल्यांतलीच एक पट्टी दाबून तिनं झटक्यात ओढली. हर्षा कळवळली. फोड फुटला होता. निर्मलानं कापसानं पुसून घेतलं.

"झालं की. एवढ्याशा फोडाचा केवढा बाऊ केला तिनं," ती म्हणाली. "आता पाहुण्यांना बी इकडंच आणायचं बरं का. समद्यांना."

हर्षानं ओठ चावत मान हलवली. निर्मलाला वाटलं, आपण जिंकलो.

हर्षा बाजूला होऊन कपडे नीट करत होती, तेवढ्यात जया पडदा सारून आत आली आणि पलंगावर बसली. "आई, हीटर गरम हाय तवर माझं पण उरकून टाक. परत कोण लावत बसंल?"

"हां, चल." निर्मलानं सुरी भांड्यात बुडवली, वर काढली. वॅक्सची तार लोंबत राहिली. हात काही पुढं जाईना. तिनं सुरी तशीच भांड्यात सोडली आणि हीटरचं बटण बंद केलं.

"थांब. नवा डबा फोडते," ती म्हणाली. "आणि उठ तिथनं. चादर बदलू दे."

"का? हे भांडं अर्धं भरलंय की."

निर्मलानं कपाट उघडलं. नवा डबा काढला आणि वळली, तर हर्षा तिच्याकडंच बघत होती. हर्षानं भांड्याकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, मग निर्मलाच्या हातातल्या डब्याकडं.

"काकू," ती हळू म्हणाली, "मग मला त्याच भांड्यातलं का लावलं?"

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरली. निर्मला गच्चीवर आली. हर्षा रस्ता ओलांडून परत दिशाच्या दारात गेली होती, काहीतरी सांगत होती, रडत होती. दिशानं बाजाराच्या दिवशी, भर धंद्याच्या वेळी दुकानाला कुलूप लावलं, हर्षाला स्कूटीवर मागं बसवलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. वर एकदाही बघितलं नाही.

"आई, लई वाईट झालं गं," जया मागून म्हणाली. "तिला काय झालं म्हंजे?"

ओल्या पट्ट्या निर्मलाच्या तोंडाशी हलत होत्या. ती अजून स्कूटीकडंच बघत होती.

"आता पाहुण्या बी तिच्याकडंच जातील," ती म्हणाली.