एफ्रेनची दोन मिनिटं

"तुमची दोन मिनिटं तुम्ही कोणाला देताय म्हणालात?" अध्यक्षबाईंनी माइक जवळ ओढला.

"एफ्रेन बराहासला," ग्लेन म्हणाला. "नियमात बसतं. आपल्या वाट्याची वेळ दुसऱ्याला देता येते."

"येते. पण तो दुसरा सभागृहात हजर लागतो. आहेत का ते हजर?"

"आहे. म्हणजे, जवळपास."

सभेला जमलेल्या सगळ्या पेलिकन पॉइंट वस्तीने मागे वळून पाहिलं. ग्लेनने खिडकीकडे बोट केलं. बाहेरून मातकट रंगाचा एक जुना पिकअप ट्रक सावकाश चालला होता. चालवणारा मान वाकडी करकरून कडेच्या गाड्यांमध्ये फट शोधत होता.

"तो बघा," ग्लेन म्हणाला.

"गेले ते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वळसा घालून येईल परत. मघापासून तेच चाललंय."

कोणीतरी खुदकन हसलं.

विषय होता रस्त्यावरच्या पार्किंगचा. पेलिकन पॉइंटच्या सगळ्या गल्ल्यांत पुढच्या महिन्यापासून फक्त तिथल्या रहिवाशांनीच गाड्या लावायच्या. त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आज ऐकून घ्यायचं आणि मग समितीने मत द्यायचं. कॅलिफोर्नियात समुद्राकाठी साधी पाटी रोवायची तरी आधी पाण्यातल्या सील प्राण्यांना विचारावं लागतं. सभागृह वस्तीच्या मधोमध होतं. आलेले सगळे चालत येण्याच्या अंतरावर राहत होते. सगळे गाड्या घेऊन आले होते. त्यामुळे बाहेरगावच्या ज्या कोणाला विरोध करायचा होता, तो अजून जागा शोधत होता.

अहवाल लिहिणारा तरुण सल्लागार उठला. "सीलवर परिणाम नाही," तो म्हणाला. "पाणपक्ष्यांवर नाही. वाळूतल्या खेकड्यांचा तर फायदाच आहे. आमिषासाठी त्यांना उकरणारी माणसं कमी होतील."

टाळ्या पडल्या. खेकड्यांसाठी टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ असावी.

ग्लेनने टाळ्या वाजवल्या नाहीत. खेकडे उकरणारा माणूस म्हणजे एफ्रेन. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून तो दर रविवारी उजाडायच्या आत यायचा. हंगाम असला की जर्दाळूंची पेटी आणायचा. मग दोघं गुडघाभर लाटांत गळ टाकून उभे राहायचे. फारसं बोलायचे नाहीत. ग्लेनची बायको गेली त्या रविवारीही तो आला होता, आणि त्या दिवशीही फारसं बोलला नव्हता.

आणि पार्किंगचा हा अर्ज मुळात ग्लेनचाच. घराजवळ गाडीला जागा न मिळाल्याने सामानाच्या पिशव्या घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने दोन गल्ल्या चालत यावं लागलं, म्हणून एका दुपारी रागाने लिहिलेला. बाहेरच्या लोकांना आवरा, असं त्याने लिहिलं होतं. लिहिताना एफ्रेन बाहेरचा आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ग्लेन, अरे तूच ना हे सगळं सुरू केलंस?" मागून त्याची शेजारीण नोरीन ओरडली. "आता तूच खोऱ्यातल्या लोकांचा वकील झालास होय?"

"झालो."

"इतका पुळका आहे तर पाहुण्यांचा पास दे ना त्याला. वर्षाला एकेका दिवसाचे दोन मिळणार आहेत प्रत्येकाला."

"रविवार जास्त असतात," ग्लेन म्हणाला.

अध्यक्षबाईंनी सल्लागाराकडे पाहिलं. "अशा लोकांबद्दल अहवालात काही आहे का?"

तो पानं चाळत राहिला. एफ्रेन ना सीलच्या प्रकरणात बसत होता, ना पक्ष्यांच्या. शेवटी वाहतुकीच्या प्रकरणात सापडला. "बाहेरची वाहनं अन्यत्र जागा शोधतील," सल्लागाराने वाचलं. "परिणाम, नगण्य."

खिडकीबाहेरून ट्रक पुन्हा गेला, अन्यत्र जागा शोधत.

"मिस्टर ऑस्टर," अध्यक्षबाई ग्लेनकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमची मिनिटं तुम्ही स्वतःच वापरा ना. फुकट कशाला घालवता?"

ग्लेन माइकपाशी जाऊन उभा राहिला. समोरचा, वेळ दाखवणारा दिवा हिरवा झाला. त्याने घसा साफ केला, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकाच्या दारात तो स्वतः गेला होता, सह्या घ्यायला.

"माझं म्हणणं तुम्ही आधीच ऐकलंय," तो म्हणाला. "पटलंयही तुम्हाला. तीच तर अडचण आहे."

एवढं बोलून तो थांबला. एफ्रेन आला असता तर बरं बोलला असता, असं काहीतरी आणखी पुटपुटला, पण ते माइकमध्ये आलं नाही. दिवा हिरवाच होता तेव्हा तो जागेवर जाऊन बसला.

"बाहेरगावच्या कोणाचा विरोध?" अध्यक्षबाईंनी सभागृहभर नजर फिरवली. नियमाप्रमाणे थोडं थांबल्याही. "नाही. मग मतदान."

समितीतले सगळे हात वर गेले. मंजूर.

लोक बाहेर पडले, आपापल्या गाडीत बसले आणि कोपऱ्यापलीकडच्या घरी गेले. नोरीनने काच खाली करून "सोडू का रे घरी?" असं विचारलं. ग्लेनने नकारार्थी मान हलवली. पाहता पाहता सगळा रस्ता मोकळा झाला, थेट समुद्रापर्यंत.

तेवढ्यात कोपऱ्यावरून ट्रक वळला. एफ्रेनने ग्लेनच्या अगदी पुढ्यात येऊन ब्रेक लावला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलरचं बटणही लावलेलं.

"सुरू झालं का?" त्याने विचारलं. "पाठ करून आलोय बघ. एक शब्द चुकायचा नाही."

ग्लेनने रस्त्याच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"आधी गाडी लाव," तो म्हणाला.

मग तो ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला. मागे काही नव्हतं, पुढे काही नव्हतं, बाजूलाही काही नव्हतं. तरी तो दोन्ही हात हलवत, एकेक पाऊल मागे सरकत म्हणत राहिला, "येऊ दे... येऊ दे... भरपूर जागा आहे, येऊ दे."