एका फळीवर

महाळुंग्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत एकाच ग्रंथमालेचे सहा खंड सहा कपाटांत पडले होते, कारण प्रकाशकाने दर खंडावर मालेचं नाव वेगळं छापलं होतं. तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या हर्षालीने एकेक पुस्तक उघडून पाहिलं, सगळी एका नावाखाली नोंदवली आणि एका फळीवर आणली. तपासणी समितीसमोर प्राचार्य कौतुकाने म्हणाले, "वर नाव काहीही असू दे, आमच्या मॅडम बरोबर ओळखतात."

दुपारी ती नोकरीत कायम करण्याचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेली. सोबत नऊ वर्षांच्या नेमणुकीच्या ऑर्डरी होत्या, क्रमाने लावलेल्या. काम तेच, पण कॉलेजने दर वर्षी पदाचं नाव बदललेलं: सहायक, ऑपरेटर, ट्रेनी, पुन्हा सहायक.



प्राचार्यांनी फाइल चाळली. "ही तर सगळी वेगवेगळी पदं आहेत, मॅडम. सलग नोकरी कशी धरायची?"