नावाचं कडवं

“काका, आता तुम्ही,” गंधार म्हणाला, आणि बुरुजाच्या गच्चीवर बसलेली मराठी मंडळी अरुणकुमारांकडे पाहू लागली.

आखातातल्या उम्म सलाल गावाजवळच्या या बुरुजवजा घरात पूर्वी एक शायर राहायचा. त्याच्या भावानं रंगवलेली दारं अजून खाली होती. म्हणून तर मंडळानं कवितावाचन इथे ठेवलं होतं. वारा पूर्ण पडला होता. कठड्यावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

अरुणकुमारांनी खिशातून आपली कविता काढली. पहिल्या ओळीवर नजर पडली आणि कळलं, हिच्यात जीव नाही. जन्म पुस्तकांत गेला, त्यामुळे एवढं तरी कळायचं. त्यांनी कागद परत खिशात घातला. आणि तोंडून निघाला तो बायकोचा, संजीवनीबाईंचा अभंग.

ती खाली चौकात बसली होती. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवला नव्हता. ती रचायची, पण लिहून कधी ठेवायची नाही. परवा लेकाच्या स्वयंपाकघरात नळाखाली तांदूळ धुताना तिला हा अभंग सुचला, तेव्हा ऐकायला एकटे अरुणकुमारच होते.

“पाणी केले गोड, खाऱ्या सागराचे;
तैसे या मनाचे, कोण करी?”

“क्या बात है,” कुणीतरी हळूच म्हणालं.

पुढचं कडवं ओठांवर आलं होतं. ‘संजीवनी म्हणे, घोट घोट प्यावे; गोडच म्हणावे, खारे तरी.’ ते त्यांनी गिळलं आणि हात जोडले.

“थांबा, थांबा!” शालू म्हणाली. “अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. ते कुठाय? चोरता काय काका, म्हणा की!”

अरुणकुमारांची कानशिलं तापली.

“नाव कशाला…” ते पुटपुटले.

“बघा, याला म्हणतात विनय!” गंधार ओरडला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

ते जिना उतरू लागले. तिला लगेच सांगायचं. मग वर येऊन सगळ्यांना सांगायचं. एका पायरीवर वाक्य जुळायचं, पुढच्या पायरीवर मोडायचं. तिला ऐकूच गेलं नसेल तर? त्या विचारानं क्षणभर हायसं वाटलं, आणि मग त्याचीही लाज वाटली. रंगवलेल्या दारांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

संजीवनीबाई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या.

“अगं, वर मी…”

“आधी पाणी प्या. घसा सुकलाय तुमचा.” त्यांनी बाटली पुढे केली. “छान म्हटलंत हो. इथे शब्द न् शब्द ऐकू येत होता. शेवटचं कडवं तेवढं वाऱ्यानं नेलं.”