सासऱ्यांची बाटली

सासरे रोज सकाळी फिरायला निघताना भलीमोठी बाटली भरून घेत, आणि जावईबापू हटकून विचारत, "बाबा, फिरायला निघालात की वाळवंटात?"

स्वतः जावईबापूंचे हात बेवारस जागा दिसली की शिवशिवत. त्या रविवारी त्यांनी मित्रमंडळी जमवून नाक्यावरच्या बंद पडलेल्या कारंज्याची साफसफाई काढली. भर उन्हाळ्यात माती ओली निघाली, तण मुळासकट अलगद हाती आलं. "नशीब काढलंय आपण!" म्हणत मंडळींनी नर्सरीतली रोपं ओळीत लावली, फोटो काढले आणि सगळे पांगले.

रात्री जेवताना जावईबापूंनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"तिथलं सगळंच उपटलंत?"

"सगळं, बाबा! नुसतं रान माजलं होतं."

"बरं केलंत," सासरे म्हणाले आणि पानावरून उठले.

सकाळी बाटली ओट्यावरच राहिली. जावईबापू ती घेऊन जिन्यापर्यंत धावले. "बाबा, पाणी विसरलात!"

"असू द्या," सासरे न वळताच म्हणाले, "मला एकट्याला कुठे एवढी तहान लागते!"

जावईबापूंच्या नखांत अजून कारंज्यातली माती होती. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी हात पाठीमागे लपवला.