झाकणाच्या आतली खूण

ज्योत्स्नाने रुमालाची घडी उलगडून घड्याळ बापापुढे ठेवलं. संपतरावांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि झाकण उघडायचं हत्यार उचललं.

“बाबा, थांबा! खोललं की गॅरंटी गेली.”

“घड्याळ काय वरून पाहून कळत असतंय?”

परतूरच्या बाजारातलं हे घड्याळदुरुस्तीचं दुकान केवढं, तर दोघं बसले की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. म्हणून डबा घेऊन आलेल्या ज्योत्स्नाच्या आई गिरिजाबाई पायरीवरच टेकल्या होत्या. लेक दोन वर्षांनी जर्मनीहून आली होती. तिथल्या एका कंपनीत ती चावीची मनगटी घड्याळं हाताने जोडायची. हे तिने स्वतः जोडलेलं आणि स्वतःच्या पगारातून घेतलेलं. आता बाप काय म्हणतो, याची तिला सकाळपासून धास्ती होती.

“आधी कंपनी घड्याळाच्या आतलं मशीन बाहेरून विकत घ्यायची,” तिला गप्प बसवेना. “हे तिचं पहिलं घरचं मशीन. सहा वर्षं लागली बनवायला. आन आम्ही एकदा पूर्ण जोडतो, मंग सगळं खोलून, धुऊन, परत जोडतो.”

“पह्यल्यांदा काय झोपेत जोडता?”

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. ज्योत्स्नाला मात्र हसू येईना. या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

संपतराव झाकण उघडून आतलं मशीन बघत राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन, वाट पाहून निघून गेली. शेवटी त्यांनी मान वर केली. हातातलं झाकण उजेडाकडे धरून इकडून तिकडून फिरवलं.

“खूण कुठंय?”

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आतून सुईने बारीक ‘सं’ कोरायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. काम मनासारखं झालं नाही, तर खूण नाही आणि पैसेही नाहीत.

“कंपनीचं नाव हाय की, बाबा.”

“कंपनीला हात असत्येत का? उद्या बिघडलं तर माणसानं कुणाला धरायचं?”

“जोडणाऱ्याची खूण चालत न्हाई तिथं.”

“हे परतूर हाय.” त्यांनी सुई तिच्यापुढे धरली. “टाक.”

केसाएवढे स्क्रू ती रोज बसवायची, पण एवढासा ‘ज्यो’ कोरायला तिला पाच मिनिटं लागली.

संपतरावांनी पुन्हा भिंग लावलं. अक्षर पाहिलं, झाकण दाबून बसवलं, घड्याळ कानाशी नेलं. डोळे मिटून टिकटिक ऐकली.

“चालंल,” ते म्हणाले, आणि लगबगीने पुढचं घड्याळ उचललं.

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. एवढंच?

“रडतीस काय, येडे?” पायरीवरून गिरिजाबाई म्हणाल्या. “हे मला पाह्यला आल्ते, तवा माझ्या बापालाबी एवढंच बोलले व्हते. चौतीस वर्षं झाली, अजून मला माघारी न्हाई आणून घातलं.”