पदराची पिन

“आई, पदर सांभाळ,” चर्चच्या उपासनेत मी कुजबुजले. केमोने पडलेले टक्कल मंडळीला दिसू नये, म्हणून तिच्या डोक्यावरचा पदर मीच खांद्याशी पिन केला होता.

देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला आई उठली. केस जातील या भीतीने केमो नाकारणारी एस्तेर मागच्या बाकावर होती. तिच्याकडे वळून आईने पिन काढली आणि पदर खाली सोडला.

“हे दुखणं प्रभूने का दिलं, ठाऊक नाही. पण तुझ्या उपयोगी पडलं, तर वाया गेलं नाही म्हणेन. ये, हात लाव.”

एस्तेर रडत पुढे आली. “मावशी, त्रास होतो?”

“होतो गं. पण शाम्पू वाचतो!”

एस्तेर हसली. “उद्या दवाखान्यात माझ्याबरोबर याल?”

पदर सावरायला उठलेली मी, तो तसाच सोडून आईशेजारी ताठ उभी राहिले.