डब्यातली चिठ्ठी

नवी जेवून परत येईपर्यंत टूल पुन्हा गायब झालं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच तिने पडद्यावरची लाल ओळ वाचली: ‘अनझिप सापडलं नाही. बिल्ड थांबवलं.’ गुंडाळलेल्या फाइली उलगडणारं हे टूल नसलं की बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची जोडणी, अडायची. सलग चौथा दिवस. काल दुपारी तिने स्वतःच्या हाताने ते टूल डब्यात घातलं होतं आणि बिल्ड हिरवं झालेलं या डोळ्यांनी पाहिलं होतं. आजचा दिवसच वाईट होता. सकाळी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्यामुळे घरी दूध उतू गेलं, शेगडी घासावी लागली आणि वर आईची बोलणी खावी लागली.

डबा म्हणजे कंटेनर. प्रोग्रॅमला लागेल तेवढं सामान भरून संगणकाच्या आत बंद करून ठेवलेला, म्हणून ऑफिसात सगळे त्याला डबाच म्हणत. त्यात हात घालायची परवानगी तिघांनाच होती: नवीला, शेजारच्या टेबलावरच्या दादांना आणि काचेच्या खोलीतल्या मॅडमना. मॅडमना स्वतःचा पासवर्ड कधीच आठवत नसे. उरले दादा. दादा या कामात बावीस वर्षं मुरलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्यावर संशय घेणं नवीच्या जिवावर आलं होतं.

म्हणून आधी तिने चिठ्ठ्यांचा मार्ग धरला. टूल घालायचं आणि सोबत डब्यातच एक छोटी फाइल ठेवायची. सोमवारी तिने लिहिलं, ‘कृपया हे टूल काढू नये. – नवी.’ मंगळवारी टूल गेलं, चिठ्ठीही गेली. मग तिने लिहिलं, ‘काढायचंच असेल तर निदान सांगून काढावं. आम्हीही माणसं आहोत. – नवी.’ तीही गेली. बुधवारी मात्र तिचं डोकं फिरलं आणि तिने मनात आलं ते लिहून टाकलं. आज तेही गेलं होतं. चोर निर्लज्ज होता.

उद्या शुक्रवार. उद्या तिचे उमेदवारीचे तीन महिने संपत होते, आणि बिल्ड हिरवं नसेल तर नोकरी पक्की होणार नाही, असं मॅडमनी गोड हसत सांगून ठेवलं होतं. ही नोकरी तिला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. ती तडक काचेच्या खोलीत गेली.

“लेखी तक्रार दे,” मॅडम म्हणाल्या. “नावानिशी. जो कोणी असेल, त्याने सोमवारपासून यायचं नाही.”

तक्रारीचा कागद टेबलावर ठेवून नवी लिहायला बसली. सगळे रकाने भरले, फक्त नावाचा राहिला. दादा शांतपणे चष्मा पुसत होते. शेवटी तिच्याने राहवेना.

“दादा, माझं टूल तुम्ही काढता का?”

दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “डब्याच्या नोंदी बघितल्यास?”

नोंदी तिने बघितल्या नव्हत्या. चिठ्ठ्या लिहिण्यातून वेळ कुठे होता? दादांनी तिच्याच पडद्यावर त्या उघडल्या. सोमवार, दुपारी एक: जुना डबा मोडला, सामानाची यादी वाचून नवा बांधला. मंगळवार, दुपारी एक: तेच. बुधवार, गुरुवार: तेच. शेवटच्या रकान्यात हुकूम देणाऱ्याचं नाव होतं. चारही ओळींत एकच. नवी.

मग तिला आठवलं. सोमवारी सकाळी मॅडमवर छाप पाडायला तिने नियम लावला होता: रोज दुपारी एकला डबा आपोआप मोडून नवा बांधायचा. स्वतःच्या सरावाच्या डब्यापुरता. पण डब्याचं नाव लिहायची जागा तिने रिकामी सोडली होती, आणि रिकामी जागा म्हणजे सगळे डबे.

“यादीत लिहिलं होतंस का टूल?” दादांनी विचारलं.

“हाताने घातलं होतं.”

“हाताने घातलेलं नव्या डब्यात कसं येईल?”

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. “झाली का तक्रार? नाव काय लिहिलंस?”

नवीने पेन उचललं. रिकाम्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मॅडमनी कागद वाचला, नवीकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

“मॅडम, माझंही नाव घाला,” दादा म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी मीही ते टूल हातानेच घातलं होतं. यादीत लिहायचं राहून गेलं. हिने डबा मोडला म्हणून आज कळलं तरी.”

“दोघांनीही यायचं नाही म्हटलं,” मॅडम म्हणाल्या, “तर माझा पासवर्ड कोण शोधणार?” आणि कागद फाडून त्या आत गेल्या.

टूल आता यादीत लिहिलेलं होतं, आणि शुक्रवारी दुपारी एकला तिघंही जेवायचं सोडून पडद्यासमोर उभे होते. डबा मोडला. नवा बांधला गेला. बिल्ड हिरवं झालं, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ उमटली. ‘काढणाऱ्याच्या घरचं दूध रोज उतू जावो. – नवी.’

“यादीत मी तीही घातली,” दादा म्हणाले. “तुझ्या चिठ्ठ्यांची मी रोज वाट बघायचो. मला वाटायचं, तू मॅडमना उद्देशून लिहितेस.”

मॅडमनी ओळ दोनदा वाचली. “मग? गेलं का दूध उतू?”

“कालही,” नवी म्हणाली, “आणि आजही.”